आईच्या मनगटावरचं यंत्र

आईनं चाळीसेक वर्षं चुलीपुढं फुंकणी फुंकली. विडीला कधी हात लावला नाही, तरी स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत फुंकून करायच्या श्वासाच्या तपासणीचा, कागद बघून डॉक्टर म्हणाले, सीओपीडी; श्वासनळ्या अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार. गेल्या पावसाळ्यात आठवडाभर दवाखान्यात काढून घरी आलो ते ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून नाकातल्या नळीतून देणारं यंत्र, घेऊनच. रोज किमान 15 तास लावायचा. सोबत रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत मोजणारा मनगटी ऑक्सिमीटर: घड्याळासारखा पट्टा, त्याला वायर, वायरीच्या टोकाला रबरी अंगठी. रात्रभराची नोंद मोबाइलवर येते.

पहिली अडचण बांगड्यांची. त्या काढायला आई तयार नाही. शेवटी पट्टाच कोपराकडे सरकवला. थंडीत बोटं गार पडली की आकडा उमटायचा नाही, मग हात चोळत बसायचं.

मोठी चूक माझीच. कोविडमध्ये 94च्या खाली गेलं की पळापळ, हे डोक्यात पक्कं बसलेलं. आईचं 90 दिसलं की मी गुपचूप ऑक्सिजन मिनिटाला एक लिटरचे दोन, दोनाचे तीन करायचो. 97 आलं की मला बरं वाटायचं. आईचं मात्र सकाळी डोकं दुखायचं, दुपारी बोलता बोलता पेंगायची. तपासणीच्या वेळी सहज बोलून गेलो, तर डॉक्टर चांगलेच तडकले. अशा पेशंटला ऑक्सिजन जास्त झाला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. हिचं 88 ते 92 मध्येच राहू दे, लिटरच्या बटणाला आपल्या मनानं हात लावायचा नाही. अलार्मही मी 94वर ठेवला होता, तो त्यांनी खाली आणायला लावला. तोवर घरात कुणी धड झोपलं नव्हतं.

मग त्यांनी मोबाइलवरचा रात्रीचा आलेख बोटानं मागे-पुढे केला. रोज पहाटे तीनच्या सुमारास एक खड्डा, 81 पर्यंत. "या वेळी काय होतं?" मला पत्ताच नाही. आईनं खाली बघितलं. ती नाकातली नळी काढून एकटीच बाथरूमला जायची. "तुला कशाला उठवायचं, सकाळी ड्युटी असते."

म्हणजे दहा महिने मी शेजारच्या खोलीत झोपत होतो आणि हे सांगितलं एका पट्ट्यानं.

डॉक्टरांना विचारून सात मीटरची नळी आणली, बाथरूमपर्यंत पोचते. परवाच्या रात्री खड्डा 87 लाच थांबला. मी आईला कौतुकानं मोबाइल दाखवायला गेलो.

"ते राहू दे," ती म्हणाली, "नळी पायात येते, ती आधी भिंतीकडेनं घे."