तालमीच्या जुन्या जॅझ कॅसेट संगणकात घेताना

विद्यार्थीदशेतल्या तालमींच्या कॅसेट सापडल्या की लगेच लावून ऐकायचा मोह आवरा. आधी टेपमागचा फेल्टचा इवलासा तुकडा जागेवर आहे का ते बघा. गोंद सुकून तो बऱ्याचदा पडलेला असतो. मग टेप हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही आणि आवाज दबून येतो. रिकाम्या कॅसेटमधला फेल्ट काढून बसवता येतो. वरच्या कडेचे दोन्ही टॅब मोडा, म्हणजे चुकून काही पुसलं जाणार नाही. डेकचं (कॅसेट वाजवायच्या यंत्राचं) हेड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

खरी मेहनत अ‍ॅझिमथवर, म्हणजे टेपशी असलेल्या हेडच्या कोनावर, घ्या. ज्या रेकॉर्डरवर तालीम टिपली, त्याच्या हेडचा कोन तुमच्या डेकसारखा नसतोच. आउटपुट मोनो करा (दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र), राइड सिंबल (ड्रमरची ताल धरणारी मोठी झांज) सलग वाजत असलेली जागा निवडा आणि हेडशेजारचा स्क्रू अगदी केसभर फिरवत राहा. काठीचा 'टिंग' सर्वात स्वच्छ ऐकू आला की थांबा. इथे हुकलेली धार पुढे कुठलाही इक्वलायझर धड परत आणत नाही.

मग वेग. रेकॉर्डरच्या बॅटऱ्या उतरलेल्या असतील तर तेव्हा टेप हळू फिरली, म्हणून आता सगळं चढं वाजतं. बी फ्लॅटमधला ब्लूज 'बी'मध्ये, म्हणजे अर्धा स्वर वर, ऐकू आला तर वेग सुमारे ६ टक्के जास्त आहे. तालमीच्या खोलीतल्या पियानोवर विसंबू नका, तोच उतरलेला असायचा! त्यापेक्षा बेसच्या अ‍ॅम्प्लिफायरची घरघर स्पेक्ट्रममध्ये (सॉफ्टवेअरमधल्या कंपनसंख्यांच्या आलेखात) शोधा. ५० हर्ट्झची वीज असलेल्या देशात ती १०० वर दिसायला हवी. १०६ वर दिसली तर हिशेब तोच. बॅटरी उतरत जाते, त्यामुळे सुरुवात आणि शेवट वेगवेगळे तपासा.

संगणकात रेकॉर्ड करताना २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ पुरे; स्टिरिओचा एक तास साधारण १ जीबी होतो. सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या खाली ठेवा.

खरखर काढायच्या सॉफ्टवेअरला मात्र आवर घाला. स्नेअर ड्रमवर फिरणारे तारांचे ब्रश आणि टेपची खरखर यांत त्याला फरक कळत नाही. बॅलडमधला (संथ गाण्यातला) ड्रमर अख्खा गायब होतो. ३-४ डेसिबलपुढे जाऊ नका. ड्रमच्या दणक्यानंतर बेस क्षणभर बुडतो, तो रेकॉर्डरच्या ऑटो लेव्हलचा, म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करणाऱ्या सोयीचा, प्रताप. त्याच्या नादी लागू नका. मूळ फाइल अशीच, काहीही न काढता, वेगळी ठेवा.