बाबांची खाण मी वेल्समध्ये पाहिली

गेल्या बुधवारी लेकीच्या शाळेच्या सहलीसोबत पालक म्हणून मी ब्लेनाव्हन येथील बिग पिट या कोळसा खाणीत उतरले. ही खाण १९८० साली बंद झाली, १९८३ मध्ये लोकांना पाहण्यासाठी खुली झाली आणि आज ती वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा भाग आहे. इतकी वर्षे कार्डिफमध्ये राहूनही मी तिकडे फिरकले नव्हते, कारण चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घूससारख्या कोळशाच्या गावात लहानाची मोठी झालेल्या बाईने खाण काय पाहायची, असे मला वाटत असे. माझे वडील जवळजवळ सदतीस वर्षे भूमिगत खाणीत राबले, पण मी स्वतः खाण आतून कधीच पाहिलेली नव्हती. ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली ती परक्या देशात, खाली नेणाऱ्या पिंजऱ्यासमोर रांगेत उभी असताना.

खाली जाण्याआधी मोबाइल, घड्याळ, गाडीची किल्ली, लायटर, काडेपेटी, थोडक्यात ज्यातून ठिणगी पडू शकेल असे सर्व काही काढून द्यावे लागते. आमच्यातील एका पालकाला हे पटेना. खाण बंद होऊन चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आता हे संग्रहालय आहे, मग मनगटावरच्या घड्याळाची कसली भीती, असा वाद तो घालत राहिला. आमचा वाटाड्या निवृत्त खाणकामगार होता. त्याने शांतपणे हात पुढे धरला आणि घड्याळ मिळेपर्यंत तो मागे घेतला नाही. मला मात्र त्या पालकाचा इतका संताप आला की मीच बोलून गेले. कोळशातून मिथेन सुटतो, हवेत तो पाच ते पंधरा टक्के झाला की एक ठिणगी पुरते, आणि खाण बंद आहे की चालू आहे हे वायूला समजत नाही, असे मी त्याला ऐकवले. हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नव्हते. बाबा आपले बिडीचे बंडल खाणीच्या फाटकाजवळच्या टपरीवर ठेवूनच आत जात. खाली बिडी चालत नाही म्हणून खर्ऱ्याची पुडी तेवढी सोबत असे, आणि पाळी सुटली की घरी येण्याआधी टपरीवर थांबून पहिली बिडी शिलगावली जाई.

मग त्या वाटाड्याने माझ्या डोक्यावर हेल्मेट चढवले, कमरेला पट्टा बांधला आणि त्यात दिव्याची बॅटरी अडकवली. ते वजन उजव्या बाजूला नेमके जिथे टेकले, ती जागा मला ओळखीची होती. बाबांच्या कामावरच्या प्रत्येक पॅन्टला त्याच जागी भोके असत. जुन्या बॅटऱ्यांमधून तेजाब झिरपे, कापड आधी पिवळे पडे, मग जाळीसारखे विरळ होई आणि धुताना आईच्या बोटाखाली फाटे. आई त्यावर आतून जाड कापडाचे ठिगळ लावी आणि महिन्याभरात ते ठिगळही जळून जाई. बाबांच्या कमरेवर त्याच ठिकाणी तळहाताएवढा काळपट डाग होता. लहानपणी मला तो जन्मखूण वाटत असे. बिग पिटच्या त्या खोलीत माझा हात आपोआप कमरेकडे गेला, आणि लेक विचारू लागली की पट्टा रुततो आहे का.

आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. शेजारी करीमनगरकडचे तेलुगू कुटुंब, समोर गोरखपूरचे, मागच्या ओळीत छत्तीसगढचे, अशी सगळी वस्ती असल्यामुळे आश्विनात बतुकम्माची फुले आणि दिवाळीनंतर छटपूजेचा ठेकुआ आमच्या घरी न मागता येई. संध्याकाळी प्रत्येक दारासमोर कोळशाची शेगडी पेटे आणि धूर संपेपर्यंत ती बाहेरच ठेवावी लागे, त्यामुळे तासभर समोरची ओळ दिसत नसे. माणूस घराबाहेर पडल्यावर लगेच केर काढू नये, ही रीत सगळ्यांनाच माहीत आहे. आमच्या आईने ती पाळ्यांना जुळवून घेतली होती. बाबा सकाळच्या पाळीला गेले की ते परत येईपर्यंत झाडू कोपऱ्यातच राही, आणि आमच्यासारख्या धुळीच्या गावात त्याचा अर्थ काय होतो, हे तिकडच्या बायकाच जाणतील.

खाण दाखवा, असा हट्ट मी एकदाच धरला होता. १७ सप्टेंबरच्या विश्वकर्मा पूजेला कामगारांच्या घरच्यांना वरची यंत्रे पाहता येत. तेव्हा मी खालीही नेण्यास सांगितले. “ते पाहाची जागा नाही,” एवढेच बाबा म्हणाले. मुलगी म्हणून तर प्रश्नच नव्हता, कारण आपल्याकडे स्त्रियांना जमिनीखाली काम करण्याची परवानगीच २०१९ साली, तीही अटींसह मिळाली.

बिग पिटमध्ये नव्वद मीटर खाली गेल्यावर सर्वांना दिवे विझवायला सांगतात. डोळ्यासमोर धरलेला स्वतःचा हात दिसत नाही. १८४२ च्या कायद्याआधी ब्रिटनच्या खाणींत पाच-सहा वर्षांची मुले अशा अंधारात हवेची दारे उघडण्यासाठी दिवसभर बसत, हे वाटाड्या सांगत असताना लेकीने माझा दंड घट्ट धरला. मी मात्र बाबांच्या रात्रपाळीचा विचार करत होते. वर रात्र, खाली रात्र, आणि सकाळी घरी आल्यावर झोपण्यासाठी खिडकीला लावलेली गोधडी.

इथले लोक आपल्या खाणींना फार मानाने वागवतात, हे मला मनापासून आवडते. ब्लेनाव्हनचा परिसर २००० सालापासून जागतिक वारसा आहे. सेनघेनिथ येथे १९१३ च्या स्फोटात ४३९ कामगार गेले, त्यांची नावे फरशांवर कोरलेली आहेत. परंतु माझ्या एका सहकारी बाईने चंद्रपूरच्या धुराची छायाचित्रे पाहून “अशा ठिकाणी मुले कशी वाढवतात?” असे विचारले, तेव्हा मला ते सहन झाले नाही. १९१३ साली एकट्या दक्षिण वेल्समधून सुमारे पावणेसहा कोटी टन कोळसा निघाला होता आणि त्या वेळी या दऱ्याही काळ्याच होत्या. आज त्या हिरव्या आहेत, कारण त्यांचे काम संपले आहे. आमचे संपलेले नाही. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र त्याच कोळशावर चालते आणि त्या विजेवर ज्यांचे पंखे फिरतात, त्यांनी आमच्या गावाला नाक मुरडू नये, असे मला आजही वाटते.

हे सारे मी कार्डिफच्या स्वच्छ हवेत बसून लिहिते आहे, याची मला जाणीव आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घूसच्या आमराई वॉर्डातले एक अख्खे घर जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर आली म्हणून वाचली. त्या रात्री मी बाबांना नागपूरला राहायला जाण्याची विनवणी केली. ते म्हणाले की आपल्या घराखाली काय आहे ते त्यांना ठाऊक आहे. मी पुढे आग्रह धरला नाही. माझे शिक्षण त्या कोळशाच्या पगारावर झाले, मी तिथून बाहेर पडावे हीच त्यांची इच्छा होती, आणि ती मी पूर्ण केली, असे मी स्वतःला सांगत आले आहे.

बाहेर आल्यावर वाटाड्याला मी वडिलांविषयी सांगितले. इथले खाणकामगार एकमेकांना “बट” म्हणतात, म्हणजे जोडीदार. माझा हात हातात घेऊन त्याने “तुझ्या बापाला माझा नमस्कार सांग, बट” असा निरोप दिला.

रात्री फोनवर मी तो निरोप दिला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग कामाचे विचारू लागले.

“पाणी किती होतं व खाली?”

“घोट्याएवढंही नव्हतं, बाबा.”

“छत ठोकून पाह्यलं का त्यानं?”

वाटाड्याने हातातली काठी वर नेऊन छत ठोकून दाखवले होते. मी तसे सांगितले.

“आवाज कसा आला? बोदा की खणखणीत?”

“खणखणीत.”

“मंग ठीक हाय,” बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडे दिला.