सेट तयार, ग्रुप तयार, सही नाही

अ‍ॅनालॉग वायरलेस सोडून डिजिटलवर जाणाऱ्या पोलीस घटकांतले (शहर किंवा जिल्हा पोलीस दलांतले) सहकारी मला विचारतात, कोणता सेट घ्यावा. सेटचं शेवटी सांगतो. आधी विचारा, एन्क्रिप्शन की, म्हणजे बोलणं गुप्त ठेवणारी किल्ली, कुणाच्या ताब्यात राहणार आणि कॉमन ग्रुपच्या, म्हणजे दोन घटकांनी मिळून बोलायच्या ग्रुपच्या, कागदावर सही कुणाची. आमचं सगळं काम तिथे अडकलं होतं आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

जुन्या व्हीएचएफ सेटवरचं बोलणं साध्या स्कॅनरवर कुणालाही ऐकू यायचं. त्यामुळे छाप्याची माहिती फोनवर द्यायची, आणि ऐन गर्दीत फोन लागत नाही. शिवाय हद्द बदलली की चॅनेल बदलतं. आषाढीला माऊलींची पालखी आळंदीहून निघते ती पिंपरी-चिंचवड, पुणे शहर, पुणे ग्रामीण, नीरा ओलांडून सातारा आणि पुढे सोलापूर ग्रामीण अशा पाच घटकांतून जाते. गर्दी मात्र एकच असते. आमच्याकडच्या यात्रेचा रस्ताही दोन घटकांतून जातो, म्हणून सामायिक ग्रुप हवा होता.

डब्ल्यूपीसीचा (केंद्राच्या वायरलेस विभागाचा) फ्रिक्वेन्सी परवाना, टॉवरसाठी साक्फाची (त्याच विभागाच्या समितीची) मंजुरी, सिग्नल पुढे पाठवणारा डोंगरावरचा रिपीटर, सेटमध्ये कोडप्लग (वाहिन्या आणि ग्रुपची मांडणी) भरणं, हे सगळं पार पडलं. आम्ही डीएमआर ही डिजिटल पद्धत घेतली. त्यात १२.५ किलोहर्ट्झच्या एका वाहिनीत दोन टाइमस्लॉट मिळतात, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन संभाषणं चालतात. एक स्लॉट आमचा, दुसरा सामायिक.

त्या दुसऱ्या स्लॉटसाठी शेजारच्या घटकाची लेखी संमती लागत होती. पत्र गेलं. उत्तर आलं, ‘आपल्या स्तरावरून उचित कार्यवाही व्हावी.’ आमच्या स्तरावरून होण्यासारखं असतं तर पत्र कशाला पाठवलं असतं? स्मरणपत्र दिलं, तर अभिप्राय मागवला आहे असं कळलं. अभिप्राय देणाऱ्यांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी फाईल पुन्हा पहिल्या पानापासून मागवली. इकडे सेट कपाटात चार्ज होऊन पडले होते आणि यात्रा जवळ येत होती. कंट्रोलमधली पोरं रोज विचारायची, मी रोज तेच उत्तर द्यायचो.

त्यांची खरी हरकत कागदावर कधी आलीच नाही. ती मला त्यांच्याच एका ऑपरेटरने चहाच्या टपरीवर सांगितली: ‘तुम्ही आमचं सगळं ऐकाल.’ मग मी पत्रं लिहिणं सोडलं आणि दोन सेट घेऊन तिथे गेलो. एकावर त्यांचा स्वतःचा ग्रुप, दुसऱ्यावर फक्त कॉमन. त्यांची की दुसऱ्या सेटमध्ये नाही, तर त्यांचं बोलणं त्यावर येतच नाही, हे त्यांच्या साहेबांनी स्वतःच्या कानांनी तपासलं. पुढचा प्रश्न रास्त होता: सेट हरवला तर? हरवलेला सेट कंट्रोलमधून बंद करता येतो. पण तो त्या वेळी चालू आणि रेंजमध्ये असावा लागतो, म्हणून की बदलावीच लागते. आमच्याकडे हवेतून, म्हणजे रेडिओवरूनच, की बदलण्याची सोय नाही, सगळे सेट परत बोलवावे लागतात. हे मी लपवलं नाही.

शेवटी वरिष्ठांनी संयुक्त बैठक घेतली. तिथे मी न्यूयॉर्कचं सांगितलं. ११ सप्टेंबर २००१ ला पोलीस हेलिकॉप्टरमधून मनोरा कोसळण्याचा इशारा दिला गेला, पण तो अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोचला नाही, कारण दोघांचे रेडिओ वेगळे होते. त्या दिवशी ३४३ अग्निशमन कर्मचारी गेले. खोलीत कुणी काही बोललं नाही. इतिवृत्त तिथेच टाइप करून घेतलं, सह्या तिथेच घेतल्या. तुम्हीही तसंच करा, ‘मागाहून पाठवतो’ ऐकून उठू नका. त्याच कागदावर लिहून घ्या: की दोन्हीकडे एकेका अधिकाऱ्याच्या ताब्यात, पाकीट सीलबंद, नोंदवहीत नोंद, बदली झाली की नवी की.

यात्रेच्या पहाटे घाटातून आमच्या हवालदाराने रस्ता बंद झाल्याचं सांगितलं आणि पलीकडच्या हद्दीतल्या गाडीने थेट उत्तर दिलं. मला फार समाधान वाटलं.

राहून गेलेलं: घाटात फिरून चाचणी घ्या. अ‍ॅनालॉगवर खरखर वाढत जाते, डिजिटलवर आवाज स्वच्छ असतो आणि एकदम तुटतो. टेट्रा ही दुसरी डिजिटल पद्धत घेत असाल तर एन्क्रिप्शनचा अल्गोरिदम कोणता ते विचारा. त्यातल्या टीईए१ या अल्गोरिदमची ८० बिटांची की प्रत्यक्षात ३२ बिटांवर येते, म्हणजे सहज तोडता येते, हे डच संशोधकांनी २०२३ मध्ये जाहीर केलं.

आता सेटचं. शेजारचा घटक ज्या कंपनीचा सेट वापरतो, त्याच्याशी एन्क्रिप्शन लावून बोलून बघा, मगच ऑर्डर द्या. साध्या आवाजात दोन कंपन्यांचे सेट जुळतात, एन्क्रिप्शन लावलं की बहुधा जुळत नाहीत. आणि आणीबाणीचं बटण कॉमन ग्रुपला जोडायचं की स्वतःच्या, हे त्याच बैठकीत ठरवा.