टेक म्हणजे नेमकं काय घ्यायचं?

शांघायला राहायचो तेव्हा समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना मी 'आयी' म्हणायचे. चिनीत आयी म्हणजे मावशी, पण फोन चालू असताना मी दारातून आयी म्हटलं की पुण्यात माझी आई "हां बोल" म्हणायची. तर या आयी नातवाला सांभाळायला आलेल्या, त्याच्याच पुस्तकातून स्वतःही इंग्रजी शिकायच्या, आणि सगळं बरं चाललेलं असताना त्यांना टेक भेटला.

मला सर्दी झालेली. आयी म्हणाल्या, "यू ईट मेडिसिन?" चिनीत गोळी खातातच, 'च्र याओ', म्हणजे सरळ औषध खाणे. मी म्हटलं ईट नाही, टेक. त्यांनी मोबाईलमध्ये बघितलं, टेक म्हणजे 'ना', हातात घेणे. मग टेबलावरची गोळ्यांची स्ट्रिप उचलून हातात धरली आणि माझ्याकडे बघत बसल्या, घेतली, आता पुढे काय?

मला हसू आलं खरं, पण आपण औषध 'घेतो' म्हणून हे एक आपल्याला फुकटात जमलं, एवढंच. बाकी कुठे जमतंय? फोटो आपण काढतो, चिनी लोक 'पाय' करतात म्हणजे चक्क थापटतात, ताप दोघंही मोजतो, बसमध्ये ते नुसते बसतात, आणि इंग्रज हे सगळं टेक करून मोकळा. मी एकदा आजीला "रिक्षा घेतली" म्हटलं तर ती म्हणाली, "केवढ्याला?"

परीक्षेचं तर विचारूच नका. आपल्याकडे मुलं परीक्षा देतात, घेतात ते सर. त्यामुळे 'टेक द एक्झाम' म्हटलं की मला अजूनही हातात छडी आल्यासारखं वाटतं, आणि हे आयींना समजावताना मीच तीनदा अडकले, शेवटी चहा केला.

'टेक युअर टाइम' मात्र त्यांना फार आवडलं. त्याला चिनीत 'मान्मान् लाय' म्हणतात, शब्दशः हळूहळू ये. आणि पाहुणा निघाला की 'मान ज़ोउ', सावकाश जा, अगदी आपल्यासारखंच. आयींनी दोन्हींची मोट बांधली. त्या दिवशी मी निघाले तर दारात उभं राहून म्हणाल्या, "टेक युअर टाइम!"

माझं दार समोरच, आठ पावलांवर. मी सावकाश गेले.