काँगो टेट्रा आणि मंद उजेड

दुकानातील टाकीत काँगो टेट्रा हे मासे पाहून पुढे निघून जाणाऱ्यांबद्दल मला नेहमी हळहळ वाटते, कारण प्रखर दिव्याखाली, उघड्याबोडक्या तळावर ठेवलेली ती लहान पिल्ले राखाडी आणि भेदरलेलीच दिसतात. मध्य आफ्रिकेतील काँगो नदीच्या खोऱ्यातील या माशाचे शास्त्रीय वर्णन प्राणिशास्त्रज्ञ बूलेंजे यांनी १८९९ साली केले. पूर्ण वाढलेला नर सुमारे आठ सेंटिमीटरचा होतो आणि मादी त्याहून थोडी लहान राहते.

माझी पहिली टाकी दोन फुटांची होती आणि तीत मी यांच्यासोबत टायगर बार्ब हे दुसरे मासे सोडले, ही माझी मोठी चूक ठरली. नराच्या शेपटीच्या मधोमध जे काळपट, रेशमी धाग्यांसारखे तंतू बाहेर लोंबतात, ते बार्बांनी पंधरा दिवसांत कुरतडून टाकले. बार्ब दुसरीकडे हलवल्यावर हे तंतू हळूहळू पुन्हा वाढले, पण त्याला कित्येक महिने लागले.

आता चार फुटांच्या टाकीत तीन नर आणि पाच माद्या आहेत. सहापेक्षा कमी ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. थवा पुरेसा नसला की हे मासे कोपऱ्यात दबून राहतात. तळाला काळी वाळू आहे, वर तरंगत्या वनस्पती आहेत, आणि आमच्या आवारातील देशी बदामाची वाळलेली पाने धुऊन टाकल्यामुळे पाण्याला कोऱ्या चहासारखा फिकट रंग आला आहे. आमचे बोअरिंगचे पाणी जड असल्याने मी त्यात गाळलेले मृदू पाणी मिसळतो. तापमान २४ ते २६ अंशांच्या आसपास ठेवतो. पानांचे कोवळे शेंडे ते खातात, म्हणून जाड पानांचा अनुबियास लावला आहे, तोही आफ्रिकेचाच.

सकाळी खिडकीतून तिरपे ऊन टाकीवर येते, तेव्हा वळणाऱ्या नराच्या पाठीवर निळा रंग उमटतो, अंगाच्या मधोमध तांबूस-सोनेरी पट्टा पेटतो आणि मासा जरासा कलला की तोच पट्टा विझल्यासारखा होतो. हे मासे दचकले की थेट काचेवर आदळतात किंवा उडी मारतात, म्हणून झाकण कायम लावलेले असते, आणि टाकीचा दिवा मी खोलीत उजेड झाल्यानंतर अर्ध्या तासाने लावतो.