'सहा खोकी, सुस्थितीत': नागपुरातलं एका स्त्रीवादी मासिकाचं दप्तर पाहायला जाणाऱ्यांसाठी

दप्तराच्या यादीत 'सहा खोकी, सुस्थितीत' असं लिहिलंय. खोकी सहाच आहेत. सुस्थितीत दोन, आणि त्या दोन्हींत छापील अंक. अंक वाचायला नागपूर गाठू नका. कायद्यानं नियतकालिकाची प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जायला हवी. छोटे गट हे दरवेळी पाळत नसत, तरी आधी तिथं आणि पुण्या-मुंबईच्या स्त्री-अभ्यास केंद्रांत विचारा. इथला वेळ दप्तरासाठी ठेवा: मीटिंगच्या वह्या, वर्गणीदारांची रजिस्टरं, पत्रं, टपालातून परत आलेली अंकांची वेष्टनं.

स्टेशनवर रिक्षावाले, दप्तर आहे त्या शंकरनगरचे ३०० रुपये सांगतात. तेवढ्यात मेट्रोच्या कितीतरी फेऱ्या होतील. ॲक्वा लाइन स्टेशनवरून थेट जाते, सीताबर्डीला गाडी बदलायची गरज नाही.

मे महिन्यात येणं हा शुद्ध मूर्खपणा. पारा ४५ च्या घरात आणि खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर. माणसाला सुख, कागदाचा जीव जातो. दिवसभर ओल, रात्री कूलर बंद झाला की कोरडं. कागद फुगतो, आकसतो, सायक्लोस्टाइलची पानं एकमेकांना धरतात. रबरबँड विरघळून डिंक झालेत. चिकटलेलं पान ओढू नका, तसंच ठेवून चिठ्ठी लावा. गंजलेली टाचणी उपटू नका, खाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून मग सोडवा. बुरशी दिसली तर उन्हात टाकायचं नाही आणि पिशवीत कोंबायचंही नाही. वेगळं काढून कोरड्या, हवेशीर सावलीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या. उन्हाळ्यातच यावं लागलं आणि टेबल कूलरच्या झोतात असेल तर हलवायला सांगा, लाजू नका.

आता खोकं ३. दीड दिवस तिथंच जातो. मीटिंगच्या वह्या, पण सामूहिक कारभार असल्यानं अध्यक्ष नाही, सही नाही, आडनावं नाहीत. हजर: 'सु., मी., वि., दुसरी सु.' तारखेला वर्ष नाही. 'मंगळवार, १२ ऑगस्ट' एवढंच. वार-तारीख जुळवली तर १९७५ ते १९९० मध्ये तीनच वर्षं बसतात: १९७५, १९८० आणि १९८६. त्याच पानावर मथुरा खटल्याचा (पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराचा खटला) मोर्चा असेल तर १९८० धरायला हरकत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयानं आरोपी पोलिसांना सोडलं १९७८ मध्ये, चार प्राध्यापकांचं खुलं पत्र आलं १९७९ च्या सप्टेंबरात आणि देशभर आंदोलन पेटलं ते त्यानंतर. त्याआधी शिक्षा उच्च न्यायालयाच्या याच नागपूर खंडपीठानं दिली होती, त्यामुळे स्थानिक कात्रणंही पुष्कळ आहेत.

दोन 'सु.' कोण, हे या वहीतून कधीच कळत नाही. खोकं ४ मधली 'टपालाची पाळी' नावाची वही काढा: अंक घड्या घालून तिकिटं लावायला कोणाचा नंबर, ते पूर्ण नाव-पत्त्यासह आहे. पावतीपुस्तकांवर सह्या आहेत. अक्षर जुळवा: एकीचा 'र' मोडका, दुसरीची शिरोरेघ तुटक. हे आधी करा, मग वह्या वाचा. उलट क्रमानं केलं की सगळं दुसऱ्यांदा वाचावं लागतं.

अंकातल्या 'नमुना ४'वर विसंबू नका. फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात हा तपशील छापावाच लागे, त्यात संपादक, मुद्रक, प्रकाशक अशी नावं हवीतच. गटाला संपादक नकोच होता, कायद्याला हवा होता. जिनं सही केली ती संपादक ठरली. प्रबंधांत अजून तिचंच नाव 'संपादक' म्हणून फिरतं. वह्यांत अंकाची पाळी दरवेळी वेगळीच.

झेरॉक्सचा दर पानाला ५ रुपये, वर 'हाताळणी'चे प्रत्येक गठ्ठ्याला १००. पहिल्या दिवशी सांगत नाहीत, निघताना बिल हातात देतात. आल्या आल्या दर लेखी मागा आणि शक्यतो फोननं फोटो काढा: फ्लॅश बंद, पानाशेजारी पट्टी ठेवून, फाइलचं नाव खोकं-गठ्ठा-पान. गठ्ठ्याचा क्रम न लिहिता काढलेले ४०० फोटो घरी जाऊन काही कामाचे नाहीत.

खरा माल खोकं ५ मध्ये आहे. खोकं कसलं, संत्र्याची पेटी आहे, तळाशी वाळकं गवत अजून तसंच. परत आलेली वेष्टनं: काटोल, उमरेड, हिंगणघाट. वर पोस्टमनच्या निळ्या पेन्सिलीनं 'घेण्यास नकार'. वर्गणीदारणीनं नाकारला की घरातल्या कुणी, ते वेष्टनावर कळत नाही. तोच वर्गणी क्रमांक पुढच्या वर्षीच्या रजिस्टरात शोधा. काहींचा पत्ता बदललेला दिसेल: घराऐवजी शाळा, बँक, दवाखाना. नाकारलेला अंक कामाच्या ठिकाणी मागवलेला. यावर अजून कोणी नीट काम केलेलं नाही.

खोकं ६ मधली पत्रं बायकांनी मदतीसाठी लिहिलेली आहेत. पत्रातल्या मजकुराचा हक्क लिहिणारीचा असतो, ठेवणाऱ्याचा नाही. नाव, गाव, सासरचं आडनाव फोटोत येऊ देऊ नका. पानावर कोरा कागद ठेवून तेवढीच ओळ झाका. या खोक्याची चावी वेगळी आहे आणि शनिवारी दुपारी एकनंतर ती मिळत नाही, म्हणून हे खोकं शुक्रवारपर्यंत उरकून घ्या.