आजोबांच्या कलमांकडे, देवगडला

मध्यरात्री दादरहून सुटलेली तुतारी एक्स्प्रेस रत्नागिरी सोडून पानवल नदीच्या पुलावर आली की खिडकीशी बसलेली माणसं बोलायची थांबतात. खाली ६४ मीटर खोल दरी. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ला. आजोबा मुंबईला गेले ते त्याच्या कितीतरी आधी, भाऊच्या धक्क्याच्या बोटीने. देवगडला बोट बाहेर उभी राहायची आणि छोट्या पडावातून माणसं तिच्यावर चढायची. पावसाळ्यात तीही बंद, म्हणजे घरी कुणी आजारी पडलं तरी पत्राचीच वाट बघायची.

लालबागला गाळ्यात पथारी, खानावळीत जेवण, कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, पाळी. दर महिन्याला गावी मनीऑर्डर. त्यावर तीन बहिणींची लग्नं झाली, बाबा आणि काकांची शाळा झाली. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तो मिटलाच नाही, आणि आजोबा ट्रंक घेऊन कायमचे गावी आले. वय पन्नाशीच्या पुढे.

कणकवलीला उतरून एसटीने देवगडकडे निघालं की वाटेत कातळाचे सडे लागतात. मे महिन्यात त्या जांभ्या दगडावर अनवाणी पाय ठेववत नाही. आमच्या वाट्याला आलेली जमीन तसलीच, गवताशिवाय काही न उगवणारी. आजोबांनी तिथे सुरुंग लावून खड्डे मारले. खालच्या मळ्यातली माती आजी, काका आणि ते स्वतः टोपल्यांनी डोक्यावरून वर नेत. आंब्याची कलमं लावली. पहिले उन्हाळे विहिरीचं पाणी कळशीने चढवलं. फळ धरायला पाच-सहा वर्षं गेली, तोवर चिरेखाणीवर मजुरी केली. कोकणी माणूस आळशी असं कुणी म्हणालं की मला फार राग येतो. अशा माणसाने एकदा या सड्यावर येऊन एक तरी खड्डा खणावा.

काकांच्या मागून मी दगडी गडगा ओलांडून बागेत गेले. काकांनी हातात झेला दिला, जाळी आणि पातं लावलेली लांब काठी. आंबा जाळीत घ्यायचा, देठ पात्यावर आणायचा आणि हलका झटका द्यायचा. माझ्या लहानपणी आजोबा खाली उभे राहून सांगायचे, "देठासकट काढ गो बाय. चीक लागलो तर फळ काळा पडता." देठ बोटाच्या पेराएवढा राहिला पाहिजे. तो तुटला की पांढरा चीक सालीवर ओघळतो, तिथे डाग पडतो आणि पेटीतल्या फळाचा भाव उतरतो. आजोबा काढलेला प्रत्येक आंबा उचलून देठ बघत. डागी निघाला तर ओरडत नसत, बाजूला ठेवत. तो घरी आढीत पिकायला जाई आणि आम्हा पोरांना मिळे.

यंदा फुलकिड्यांनी मोहोर खाल्ला, पीक कमी आहे. काका फवारणीचा खर्च सांगत होते आणि मला आजोबांची वही आठवत होती. पेट्या, वाहतूक, गड्यांची मजुरी, सगळं पेन्सिलने लिहिलेलं, आणि शेवटी बाबांच्या कॉलेजची फी.

वरच्या बाजूची दोन जुनी कलमं खोड पोखरणाऱ्या भिरुडाने गेली आहेत. काकांनी ते खड्डे साफ करून ठेवलेत. जूनमध्ये पाऊस लागला की तिथे नवीन कलमं लावायची. लेकीला घेऊन जाणार आहे मी, माती वर न्यायला माणसं लागतात.